तोंडाची निगा : रक्ताच्या कर्करोगाच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

आपल्याकडे 'तोंड आले' असे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्यास भीती वाटत नाही. दोन दिवस तिखट बंद होते, रात्री निजताना जिभेला तूप लागते, कोणी ज्येष्ठमधाची कांडी चघळावयास देतो, कोणी परसातला जाईचा पाला आणून देतो. आठवडा जातो, तोंड बरे होते आणि गोष्ट विसरली जाते. ज्या दुखण्यावर घरातील वडीलधाऱ्या बाईने अधिकाराने बोलावे आणि डॉक्टरांना विचारावयाचीही गरज पडू नये, अशा किरकोळ दुखण्यांतच आम्ही सर्वजण त्याची गणना करतो.

पण एक रोगी असा आहे, की त्याचे तोंड आले म्हणजे रुग्णालयात सर्वांचे चेहरे गंभीर होतात. रक्ताच्या कर्करोगावरील तीव्र औषधे घेतलेला, किंवा त्याहून पुढे जाऊन दुसऱ्याच्या मज्जेतील मूळपेशी आपल्या अंगात घेतलेला, असा तो रोगी होय. त्याच्या रक्तात त्या दिवसांत पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. गालाच्या आतले कातडे फाटले म्हणजे त्याच्या देहाचा तटच पडला असे समजावे. आपल्या सर्वांच्या तोंडात जन्मभर निरुपद्रवीपणे नांदणारे जंतू त्या भगदाडातून रक्तात शिरतात आणि एका रात्रीत माणूस हातचा जातो. जाईचा पाला ह्या रोग्यास देता येत नाही; त्या पाल्यावरची धूळही त्याला पुरेशी घातक आहे.

ह्या रोगाचा इतिहास आजवर अनेकांनी लिहिला. त्यात सूक्ष्मदर्शक येतो, औषधे येतात, मज्जारोपणाचे पराक्रम येतात. तोंडाविषयी मात्र एखादे ओझरते वाक्य असते. आम्हांस तोच इतिहास तोंडाच्या बाजूने सांगावयाचा आहे. ह्या रोगावरील प्रत्येक मोठ्या उपायाची किंमत प्रथम तोंडाने चुकती केली, आणि असे असूनही हे तोंड कोणी सांभाळावयाचे हे ठरावयास सुमारे चाळीस वर्षे लागली, असे आमचे मत झाले आहे.

आरंभ १८४५ पासून करावा लागतो. त्या वर्षी एडिंबरो येथे जॉन ह्यूज बेनेट ह्यांनी आणि बर्लिनच्या शारिते रुग्णालयात चोवीस वर्षांच्या रूडॉल्फ फिर्खो ह्यांनी, एकमेकांस ठाऊक नसता, मृत रोग्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा विलक्षण भरणा पाहिला. बेनेट ह्यांना तो रक्तात झालेला पू वाटला. फिर्खो अधिक सावध. त्यांनी 'पांढरे रक्त' एवढेच म्हटले, आणि १८४७ साली त्याला ग्रीक शब्दांवरून ल्यूकेमिया हे नाव दिले. मान कोणाचा ह्यावरून पुढे दोघांत वाजले. त्या भांडणात आम्हांस शिरावयाचे नाही.

रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरावे लागते, तोंड नुसत्या डोळ्यांनी दिसते. तीव्र ल्यूकेमियाच्या काही प्रकारांत हिरड्या फुगून निळसर-लाल होतात, कधी कधी दात अर्धेमुर्धे झाकून टाकतात. निकामी पांढऱ्या पेशी हिरड्यांत येऊन दाटी करतात म्हणून असे होते. त्यातच रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट कमी झालेल्या असतात, म्हणून ब्रश लावताच रक्त येते, सकाळी उशीवर डाग दिसतो. असा माणूस साहजिकच दंतवैद्याकडे जातो. दंतवैद्याने हलणारा दात काढला तर खड्ड्यातून रक्त वाहू लागते ते थांबत नाही, आणि मग रक्ताची तपासणी होऊन खरा रोग उघडकीस येतो. ह्या क्रमाने निदान झालेले रोगी आजही आढळतात. जाणता दंतवैद्य अशी हिरडी पाहिली म्हणजे चिमटा खाली ठेवतो आणि रोग्यास आधी रक्त तपासून ये म्हणून सांगतो.

निदान झाले तरी पुढे शंभर वर्षे हाती काही नव्हते. मुंबईच्या सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली ल्यूकेमियाने वारल्या. पैशाची, मोठ्या डॉक्टरांची किंवा विलायतेतील उपचारांची तेथे उणीव असण्याचे कारण नव्हते. उणीव होती ती औषधाची. त्यांच्या स्मरणार्थ १९३२ साली ल्यूकेमियाच्या संशोधनासाठी निधी स्थापन झाला, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. त्या वेळी ल्यूकेमियाच्या रोग्यास तेथेही रक्त देणे, क्ष-किरण देणे आणि वेदना कमी करणे ह्यापलीकडे फारसे काही करता येण्यासारखे नव्हते.

गंमत अशी की औषधाचा धागा ह्याच परळ भागातून निघाला होता. १९२८ साली लूसी विल्स ह्या इंग्रज विदुषी मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी जो भयंकर पंडुरोग होई, त्याचे कारण शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. हाफकिन संस्थेच्या आश्रयाने त्यांनी ते काम केले, आणि १९३१ साली दाखवून दिले की मार्माइट म्हणजे यीस्टचा काळा, खारट अर्क दिला असता ह्या बायका बऱ्या होतात. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य ते पुढे फोलिक अॅसिड म्हणून ओळखले गेले. पेशीला दुभागावयाचे असेल तर हे द्रव्य लागतेच. ते कमी पडले म्हणजे रक्त तयार होत नाही, आणि त्याच कारणाने जीभ लालभडक, गुळगुळीत व दुखरी होते. ह्या जिभेकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. ती पुन्हा भेटणार आहे.

बॉस्टन येथे सिडनी फार्बर ह्यांनी ल्यूकेमिया झालेल्या मुलांना फोलिक अॅसिडाच्या जातीची द्रव्ये देऊन पाहिली, तेव्हा रोग उलट चेवाने वाढला असे त्यांस दिसले. दुसरा कोणी असता तर तेथेच थांबता. फार्बर ह्यांनी उलटा विचार केला : जे दिल्याने रोग वाढतो ते तोडल्याने तो हटेल काय? फोलिक अॅसिडाचे सोंग घेऊन पेशीत शिरणारे आणि खऱ्या द्रव्याची वाट अडविणारे पदार्थ त्यांस पाहिजे होते. ते पुरविले लेडर्ले प्रयोगशाळेतून येल्लाप्रगड सुब्बाराव ह्यांनी. आंध्रातील भीमवरम् गावचा, मद्रासेत वैद्यक शिकून अमेरिकेस गेलेला हा मनुष्य त्या प्रयोगशाळेचा संशोधनप्रमुख होता. डिसेंबर १९४७ मध्ये अमिनोप्टेरीन हे औषध फार्बर ह्यांच्या हाती आले, आणि जून १९४८ मध्ये सोळा मुलांवरील अनुभव प्रसिद्ध झाला. त्यांपैकी दहांचा रोग काही काळ हटला होता. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले.

काही काळ हटला, हे शब्द आम्ही जाणूनबुजून वापरले आहेत. रोग परत आला आणि मुले गेली. परंतु ल्यूकेमिया औषधाने मागे सरू शकतो, ही गोष्ट प्रथमच सिद्ध झाली होती.

आता तोंडाकडे वळू. हे औषध घेतलेल्या मुलांच्या ओठांच्या आत, जिभेच्या कडांवर, गालांत व्रण उठू लागले. कारण उघड आहे. औषधास रोगट पेशी आणि चांगली पेशी ह्यांतील भेद कळत नाही. जी पेशी भराभर दुभागते तिला ते मारते. तोंडाचे आतले कातडे दर एक-दोन आठवड्यांनी नवे होत असते, म्हणजे ते सदैव दुभागण्याच्या कामात असते. गिरणीतल्या बाईची जीभ फोलिक अॅसिडाच्या अभावी लाल झाली होती; बॉस्टनच्या मुलाची जीभ तेच द्रव्य मुद्दाम तोडल्याने फाटली. दुखणे जवळजवळ एकच. एक दारिद्र्याने आणलेले, दुसरे डॉक्टरने.

आणि येथेच तोंडाला एक नवे काम मिळाले. मात्रा किती द्यावी हे त्या काळी सांगता येत नव्हते. औषध रक्तात किती उरले हे मोजण्याची सोय नव्हती. तेव्हा डॉक्टर रोज मुलाला तोंड उघडावयास लावीत. व्रण दिसला म्हणजे औषध आवरते घ्यावयाचे, भरला म्हणजे पुन्हा सुरू करावयाचे. अमिनोप्टेरीनची जागा पुढे त्याचाच भाऊ मेथोट्रेक्झेट ह्याने घेतली, तरी हा रिवाज राहिला. तोंड हे मोजपट्टी झाले. मोजपट्टीवर आपण खूण पाहतो, तिची निगा राखावी असे मात्र कोणास वाटत नाही. तोंडाचे तसेच झाले. व्रण म्हणजे औषध लागू पडल्याची पावती, तो सोसलाच पाहिजे, अशी एक समजूत ह्यातून रूढ झाली, आणि तिने पुढील पिढीचे नुकसान केले असे आम्हांस वाटते.

दुसरा मोठा उपाय मज्जारोपणाचा. रोगट मज्जा औषधांनी आणि किरणांनी समूळ जाळून टाकावयाची आणि दुसऱ्याची निरोगी मज्जा शिरेवाटे सोडून द्यावयाची. ती आपली वाट शोधीत हाडांत जाऊन बसते. कल्पना धाडसाची होती. अमेरिकेत कूपर्सटाउन नावाच्या लहान गावी डोनल टॉमस ह्यांनी सहा रोग्यांवर ती अमलात आणली व १९५७ साली वृत्तांत दिला. दोघांच्या अंगी मज्जा काही काळ धरली. शंभर दिवसांच्या आत सहाही रोगी गेले होते. पुढची काही वर्षे अशीच गेली, आणि पुष्कळांनी हा नाद सोडला. टॉमस ह्यांनी सोडला नाही. ते १९६३ साली सिअॅटल येथे गेले, त्यांची पत्नी डॉटी बरोबर राबत होती. १९७७ साली त्यांनी शंभर रोग्यांची हकीकत दिली. हे सर्व रोगी इतर सर्व उपाय हरल्यावर आलेले होते. त्यांतील तेराजण रोगमुक्त जगत होते. तेरा हा आकडा लहान वाटेल, पण त्या तेरांना दुसरी कोणतीच वाट उरली नव्हती. १९९० साली टॉमस ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मज्जारोपणाच्या रोग्याचे तोंड कसे होते ते सांगितल्याशिवाय पुढील गोष्ट कळणार नाही. तयारीची औषधे सुरू झाल्यावर आठवड्याभरात तोंडात कोरडेपणा व जळजळ येते. गालांच्या आत आणि जिभेखाली कातडे प्रथम पांढुरके, मग लाल होते, मग सोलवटते, व्रण एकमेकांत मिसळून त्यांवर पिवळट पापुद्रा धरतो. मज्जा दिल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात कळस होतो. लाळ दोरीसारखी चिकट होते, ती गिळता येत नाही म्हणून उशाशी भांडे ठेवावे लागते. घोटभर पाणी घशाखाली उतरवावयाचे तर रोगी डोळे मिटून घेतो. बोलणे बंद होते, खुणा चालतात. मॉर्फीन शिरेवाटे, अन्न शिरेवाटे. ह्या उपचारातून गेलेल्या कित्येकांनी सांगितले आहे की सर्व यातनांत तोंडाची यातना अधिक होती. आणि नव्या मज्जेच्या पांढऱ्या पेशी रक्तात दिसू लागल्या की बहुधा चार-सहा दिवसांत हे सर्व ओसरू लागते. तोवर टिकाव धरणे एवढेच काम असते.

त्यात भर अशी, की दात्याच्या पेशींनी रोग्याच्या देहावर उलटू नये म्हणून मज्जा दिल्यावर पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि अकराव्या दिवशी मेथोट्रेक्झेट देण्याची पद्धत सिअॅटलला पडली. म्हणजे फाटलेल्या तोंडावर पुन्हा तेच जुने औषध! अकराव्या दिवशीची मात्रा द्यावी की गाळावी हे अनेकदा तोंड पाहून ठरते. फार्बर ह्यांची मोजपट्टी अजून अशी कामात आहे.

हे तोंड सांभाळावयाचे कोणी? रक्ताच्या तज्ज्ञाला दातांचे ज्ञान नाही. दंतवैद्याचा दवाखाना रस्त्यापलीकडे, आणि त्याला ह्या रोग्याला हात लावावयाची भीती. राहिली परिचारिका. तिला वरून सूचना अशी, की प्लेटलेट उतरल्या म्हणजे ब्रश काढून घ्यावा, कारण हिरडीतून रक्त येईल आणि त्याबरोबर जंतू आत जातील. मग कापसाचा किंवा स्पंजाचा बोळा काडीला लावून दात पुसावयाचे. वरवर पाहता ह्यात शहाणपण दिसते. प्रत्यक्षात बोळ्याने दातांवरील चिकट थर निघत नाही, तो हिरडीच्या कडेला साचत जातो, हिरडी सुजते आणि सुजलेली हिरडी अधिकच रक्त सोडते. ज्या धोक्याला भिऊन ब्रश काढला तोच धोका अशा रीतीने घरात आणला जात होता. रक्तात सापडणारे जंतू तपासले तेव्हा त्यांत पुष्कळदा नेहमी तोंडात राहणारे साखळी-जंतू निघू लागले, तेव्हा ही गोष्ट टाळता येईना.

एक अनपेक्षित धडा १९८१ साली मिळाला. त्याची आधीची हकीकत अशी : गर्ट्रूड एलियन ह्या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९५० नंतरच्या वर्षांत ल्यूकेमियावरील सहा-मर्कॅप्टोप्युरीन हे औषध दिले होते. त्यांच्याच विभागाच्या परिश्रमातून पुढे अॅसायक्लोव्हिर हे नागिणीच्या कुळातील विषाणूंवरचे औषध निघाले. ओठांवर जर उठवणारा ह्या कुळातील विषाणू लहानपणी बहुतेकांच्या अंगात शिरतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी झोपून राहतो. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्समध्ये सरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जारोपणाच्या वीस रोग्यांपैकी दहांना हे औषध व दहांना नुसते पाणी दिले. पाणीवाल्यांपैकी सातजणांत विषाणू जागा झाला. औषधवाल्यांत एकाही रोग्यात नाही. इतका स्वच्छ निकाल वैद्यकात क्वचित मिळतो. ह्याचा अर्थ काय, तर 'औषधाचा परिणाम, सोसा' म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जात होते त्या व्रणांतील बराच भाग औषधाचा नव्हताच; तो एका टाळता येण्यासारख्या संसर्गाचा होता. तेव्हापासून जाणते लोक व्रण कोठे आहे हे पाहू लागले. गालात, जिभेखाली असेल तर तो बहुधा औषधाचा. कठीण टाळूवर किंवा हिरडीवर उठला तर विषाणूचा संशय धरावा.

बुरशीचेही तसेच. तोंडात दह्यासारखे पांढरे थर धरणारी बुरशी ह्या रोग्यांत अन्ननलिकेपर्यंत उतरते. तिच्यावरचे निस्टॅटिन हे औषध एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राउन ह्या दोघींनी शोधून १९५० साली पुढे आणले. त्या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यखात्यात होत्या, म्हणून राज्याच्या नावावरून औषधाचे नाव पडले, आणि त्याचा स्वामित्वाचा पैसा दोघींनी संशोधनाला देऊन टाकला. मज्जारोपणात नुसत्या गुळण्यांचे औषध पुरे पडेना, म्हणून १९९२ नंतर पोटातून घ्यावयाचे फ्लुकोनॅझोल आले.

निगेचा खरा पाया ह्या मोठ्या शोधांहून साध्या गोष्टींनी घातला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ साली तोंडाच्या व्रणांच्या पायऱ्या ठरविल्या. त्या आम्हांस फार आवडतात, कारण त्या रोग्याच्या ताटावरून मोजावयाच्या आहेत. पहिलीत नुसती जळजळ. दुसरीत व्रण, पण भाकरी खाता येते. तिसरीत पेजेवर राहावे लागते. चौथीत तोंडाने काहीच जात नाही. १९८८ साली नेब्रास्काच्या जून एलर्स ह्या परिचारिकेने सहकारिणींसह आठ गोष्टींची तपासणी आखून दिली : आवाज, गिळणे, ओठ, जीभ, लाळ, आतले कातडे, हिरड्या आणि दात. तिचा आरंभ रोग्याचा आवाज ऐकण्यापासून होतो. तोंड उघडावयास सांगण्यापूर्वी त्याच्याशी दोन शब्द बोला, घोगरेपणा ऐकू येईल. हे डॉक्टरला सुचले नव्हते, रात्रपाळी करणाऱ्या बाईला सुचले, ह्यात नवल नाही.

एप्रिल १९८९ मध्ये बेथेस्डा येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने ह्या एकाच विषयावर परिषद भरविली आणि उपचार सुरू होण्यापूर्वी प्रत्येक रोग्याचे तोंड दंतवैद्याने तपासावे असे सांगितले. किडलेला दात, हिरडीखालचा पू, टोचणारी कवळी ह्यांचा निकाल आधीच लावावयाचा. पांढऱ्या पेशी उतरल्यावर दात काढता येत नाही. १९९४ साली ब्रशाच्या भांडणाचाही निकाल लागला. पॅरिसजवळील विल्झुइफ येथे मज्जारोपणाच्या रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटात दात आधी दुरुस्त करून उपचारभर दात व हिरड्या ब्रशाने घासल्या, दुसऱ्यात जुनी मर्यादित निगा ठेवली. ब्रशाच्या गटात व्रण कमी झाले आणि रक्तातील जंतूंचे प्रमाण वाढले नाही. ज्या मऊ ब्रशाला आपण शत्रू समजून काढून घेतला होता तो निर्दोष सुटला.

गुळण्यांची कथाही अशीच. नाना औषधे मिसळून केलेल्या 'जादूच्या' गुळण्या अमेरिकेत फार चालत. २००० साली कॅलिफोर्नियात मॅरिलिन डॉड ह्यांनी अशा गुळण्या, क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या आणि नुसते मीठ व खाण्याचा सोडा घातलेले पाणी ह्यांची तुलना केली. तिन्हींचा गुण सारखाच निघाला. फरक होता तो किमतीचा. आपल्या आयुर्वेदात तोंडात द्रव धरून ठेवण्यास गंडूष आणि तो खळबळून टाकण्यास कवल म्हणतात, हे सांगून 'सर्व आमच्याकडे होतेच' असे म्हणण्याचा मोह कोणास होईल. आम्हांस तो आवरता घेणे बरे वाटते. त्या ग्रंथकारांपुढे पांढऱ्या पेशी नसलेला रोगी कधी आला नव्हता.

बर्फाची गोष्ट अशीच सोपी आहे. आतड्याच्या कर्करोगाचे एक औषध शिरेत सोडताना अर्धा तास तोंडात बर्फाचे खडे धरले तर व्रण कमी होतात, असे १९९१ साली दिसून आले. गारव्याने तोंडातील रक्तवाहिन्या आकसतात, तेवढ्या वेळेपुरते औषध तेथे कमी पोचते. मज्जेच्या मायलोमा ह्या कर्करोगात मेल्फॅलान मोठ्या मात्रेने देतात. ते रक्तातून लवकर उतरते, म्हणून बर्फाला योग्य. २००६ साली सिअॅटल येथे चाळीस रोग्यांपैकी काहींनी औषधाच्या आधी अर्धा तास ते नंतर सहा तास बर्फ चघळला, इतरांनी मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या. तीव्र व्रण चुळावाल्यांत शेकडा ७४ जणांना आणि बर्फवाल्यांत शेकडा १४ जणांना झाले. त्याच सुमारास, २००४ साली, पॅलिफर्मिन नावाचे कातडे वाढविणारे प्रथिन औषध म्हणून आले. २१२ रोग्यांच्या परीक्षेत तीव्र व्रणांचा काळ नऊ दिवसांवरून तीन दिवसांवर आला. औषध गुणाचे होते, पण अतिशय महाग. आमच्यासारख्या देशाने आधी बर्फाची सोय पुरी करावी आणि मग त्याच्याकडे पाहावे. मंद लेझर-किरण तोंडात फिरविण्याच्या उपायालाही २०१४ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत स्थान मिळाले आहे. त्याला यंत्र लागते आणि रोज वेळ देणारा माणूस लागतो.

भारतात मज्जारोपण प्रथम यशस्वी झाले ते १९८३ साली, टाटा रुग्णालयात, नऊ वर्षांच्या एका मुलीवर. ते करणारे डॉ. सुरेश अडवाणी बालपणीच्या पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीत बसून काम करीत आणि सिअॅटलला टॉमस ह्यांच्याकडे शिकून आले होते. तिकडची विद्या इकडे आली, परंतु इकडचे तोंड तिकडच्यासारखे नव्हते. आमच्या रोग्यांत दंतवैद्याचे दर्शन पूर्वी कधीच न झालेले अनेक असतात. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू आणि सुपारी चघळणाऱ्या माणसांची तोंडे तर आधीच बिघडलेली. सुपारीने गालांखाली जो ताठपणा येतो त्याचे वर्णन मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी ह्यांनी १९५३ सालीच केले होते. ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्याच्या मागच्या दाढेपर्यंत ब्रश न्यावयाचा कसा? गरीब रोग्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. उपचाराची तारीख ठरते, पैसे महत्प्रयासाने जमतात, आणि दाताचे काम 'नंतर पाहू' म्हणून मागे पडते. ते नंतर पाहण्यासारखे नसते हे त्याला कोणी बजावून सांगितलेले नसते.

रोगी वाचला, घरी आला, म्हणजे तोंडाचे प्रकरण मिटले असे नाही. दुसऱ्याची मज्जा घेतलेल्यांत काही महिन्यांनी त्या परक्या पेशी नव्या घरावर उलटतात. गालांत पांढऱ्या रेषांची जाळी उमटते, लाळ आटते, दातांच्या मुळाशी कीड झपाट्याने लागते. ठेचा तर दूरच, टूथपेस्टमधला पुदिनाही झोंबतो. १९९७ साली एकोणीस हजारांहून अधिक मज्जारोपितांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा त्यांत पुढे तोंडाचा कर्करोग होण्याचे प्रमाण अपेक्षेच्या अनेक पटींनी अधिक निघाले. अशा माणसाने तंबाखू पुन्हा धरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. त्याचे तोंड जन्मभर, ठरावीक काळाने, कोणीतरी उजेडात पाहिले पाहिजे.

शेवटची गोष्ट जबड्याची. फिर्खो ह्यांनी पांढरे रक्त पाहिले त्याच १८४५ साली व्हिएन्नात लोरिन्सर नावाच्या डॉक्टरांनी आगकाड्यांच्या कारखान्यातील मजुरांचा एक चमत्कारिक रोग नोंदविला होता. पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने त्यांच्या जबड्याचे हाड मरून उघडे पडे, सडे आणि भयंकर दुर्गंधी सुटे. १९०६ साली बर्न येथे अनेक राष्ट्रांनी करार करून तो फॉस्फरस काड्यांतून हद्दपार केला आणि जबड्याचा रोग पुस्तकात जाऊन पडला. पुढे मायलोमात हाडे पोखरली जातात ती वाचविण्यासाठी फॉस्फरसयुक्त बिस्फॉस्फोनेट औषधे शिरेवाटे देऊ लागले, आणि ती खरोखर उपयोगाची ठरली. पण २००३ साली मायामीच्या रॉबर्ट मार्क्स ह्यांनी छत्तीस रोगी पुढे मांडले. त्या औषधांनंतर जबड्याचे हाड उघडे पडलेले, भरून न येणारे. पुष्कळांत दात काढल्याचे निमित्त झालेले. दीडशे वर्षांपूर्वीचा काड्यांच्या कारखान्यातला जबडा रुग्णालयात परत आला होता.

आता मायलोमाच्या रोग्याचे दात हे औषध सुरू करण्यापूर्वी दुरुस्त करून घेतात. आणि कोणत्याही दवाखान्यात दाढ काढावयास आलेल्या वयस्क माणसाला दंतवैद्य रक्तदाब व मधुमेह विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारतो : मागे कधी हाडांसाठी इंजेक्शने घेतली होती काय? 'घेतली होती' असे उत्तर आले तर चिमटा पुन्हा खाली ठेवला जातो.